गोळीचं नाव काय?

संमेलनाध्यक्ष, उद्घाटक डॉक्टर, आणि जिल्ह्यातल्या गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांतून पहाटेच्या गाड्या पकडून आलेल्या माझ्या ताई-दादांनो,

सांगलीत तुमचं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षानं आधी गावाची थोरवी गायची असते. ती थोडक्यात उरकतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं नाटक उभं केलं, हळदीची पेठ इथली, भडंग इथलं. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. मोठ्यानं बोलायची सवय आहे, लांबण लावायची नाही. पण गावाची एक आठवण सांगितल्याशिवाय आजच्या विषयाकडे येता येणार नाही.

ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलेलं. एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती आणि आम्ही चार-पाच निवृत्त माणसं याद्या करायला बसलो होतो. औषधं येत होती, डॉक्टरही होते. अडलं भलतीकडंच. ‘आजोबा, गोळी कोणती चालू आहे?’ ‘पांढरी. सकाळची.’ ‘आणि मावशी, तुमची?’ ‘पिवळी, अर्धी मोडून.’ फाइल पाण्यात, चिठ्ठी पाण्यात, गोळ्यांचा डबा पाण्यात. एक बाई बारा वर्षं बीपीची गोळी घेत होत्या. नाव मुलाला ठाऊक, मुलगा पुण्यात, आणि फोन लागत नव्हता. मला मनातून हसू येत होतं. मग खिशातली माझी मधुमेहाची पट्टी हाताला लागली आणि ध्यानात आलं, ही नसती तर मीही ‘लांबट, पांढरीच’ एवढंच सांगितलं असतं. लॉगशीटवर चालक-वाहकाच्या मिनिटामिनिटाचा हिशेब तपासणारा माणूस मी!

पूर ओसरल्यावर आम्ही मंगळवारी समाजमंदिरात बसायला लागलो. पहिलं काम एकच: प्रत्येकानं आपल्या गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम आणि कशासाठी, हे न बघता सांगायचं. तीन मंगळवार त्यातच गेले.

पुढं एका डॉक्टरांकडून कळलं की आम्ही चाचपडत करत होतो, त्याची पद्धत अमेरिकेत केव्हाच बसवलेली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग या परिचारिका-संशोधक बाईंनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांपासून सुरुवात केली. नंतर सगळ्याच जुनाट आजारांसाठी एक वर्ग तयार झाला: सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, अडीच तास. शिकवणारे दोघं, आणि त्यांतला निदान एक तरी स्वतः आजार अंगावर वागवणारा, डॉक्टर नसलेला माणूस. १९९९ मध्ये त्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साडेनऊशेच्या वर रुग्ण होते. सहा महिन्यांनी वर्गात बसलेल्यांचा व्यायाम वाढलेला होता आणि इस्पितळातले दिवस कमी झालेले होते. मला मात्र त्यांच्या संधिवाताच्या कामातली एक गोष्ट जास्त भावली. ज्यांनी व्यायाम जास्त केला त्यांनाच जास्त बरं वाटलं, असं सरळ गणित तिथं जुळलं नाही. ‘हे माझ्या हातात आहे’ असं ज्यांना वाटायला लागलं, त्यांचं दुखणं हलकं झालं.

सगळीकडं तसंच घडलं असंही नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं हाच वर्ग उचलला. तिथं लोकांचा आत्मविश्वास वाढला, पण दवाखान्याच्या फेऱ्या काही कमी झाल्या नाहीत. म्हणून व्यासपीठावरच्या मंडळींना विनंती, ‘सरकारचा खर्च वाचेल’ या आशेवर कृपया हे काम उभं करू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या संपलेल्या असतील, तर आमचा मंगळवार त्याला पुरा पडणार नाही.

त्यांच्या वर्गातली एक युक्ती आम्ही जशीच्या तशी घेतली. ‘उद्यापासून फिरायला जाणार’ हे चालत नाही. किती, कधी, आठवड्यातून किती वेळा, ते बोलायचं. मग विचारायचं, दहापैकी खात्री किती? सातच्या खाली आकडा आला की बेत बदलायचा. आमच्या एक काकू म्हणाल्या, रोज सकाळी अर्धा तास चालेन. खात्री? चार! का हो? तर त्यांच्या गल्लीत सकाळी सहाला नळाला पाणी येतं. कुठल्या डॉक्टरांना हे कळणार? शेजारच्या बाईला मात्र लगेच कळलं. बेत ठरला: संध्याकाळी, आठवड्यातून तीनदा, मारुतीच्या देवळापर्यंत. खात्री नऊ. आज त्या देवळाच्याही पुढं जातात.

एकादशीचं तसंच. ‘उपास करू नका’ असं सांगून डॉक्टर मोकळे होतात आणि बायका मान डोलवून घरी येऊन उपास करतात. मग साखर वाढवणारी ताटलीभर साबुदाण्याची खिचडी, किंवा निर्जळी उपासात घेतलेल्या गोळीनं दुपारी घाम फुटून चक्कर. गटात हे उघड बोलता येतं. उपास धरायचाच असेल तर गोळीचं काय करायचं, हे आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारायचं, असं आता आमच्यात ठरून गेलंय. पायी वारीला जाणारे रात्री तळव्यांखाली आरसा धरून पाय तपासतात, कारण मधुमेहात पायाची जाणीव बोथट होते. खडा रुतला तरी समजत नाही.

पण कारल्याचा रस सुरू करून गोळी बंद करणारे दोघं आमच्याकडंही निघाले. त्यांना आम्ही चांगलं फैलावर घेतलं. आजार स्वतः सांभाळायचा, पण स्वतःच डॉक्टर व्हायचं नाही.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. शब्द फार गोड आहेत. आमच्याकडं रुजले नाहीत. आम्ही अजून ‘शुगरवाले’ आणि ‘बीपीवाले’च. सांभाळणाऱ्यांवरून आठवलं. या मांडवात पुढच्या पाच रांगा पुरुषांच्या आहेत. आमच्या गटाचंही पहिलं वर्ष असंच गेलं. नवऱ्याची गोळी बायकोला पाठ, बायकोची गोळी कुणालाच नाही. शेवटी वेळ बदलली, दुपारी तीनची केली, तेव्हा बायका आल्या. आज त्याच गट चालवतात आणि आम्ही सतरंज्या घालतो.

तपासणी शिबिरं आपण पुष्कळ केली. फलक लागतो, बोटाला सुई टोचतात, आकडा हातात देतात, आणि पुढं त्या आकड्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. या दोन दिवसांत निदान प्रत्येक संघानं आपला मंगळवार, म्हणजे वार आणि जागा, ठरवून जावं. खात्री सातच्या वर असेल तरच वहीत लिहा.

आता व्यवस्थेचं. गाद्या थोड्या पातळ आहेत, त्याबद्दल माफी. जेवणात श्रीखंड आहे, वाटी लहान ठेवलीय. लोणचं पानात वाढणार नाही, मागितलं तर मिळेल. उजव्या हाताला, पाण्याच्या पिंपाशेजारी, सोबत गोळ्या न आणलेल्यांसाठी टेबल आहे. तिथं आमच्या त्याच काकू बसल्यात. त्या आधी नाव विचारतील. पंगत बरोबर साडेबाराला बसेल, एसटीसारखी नाही. जेवणाआधी अर्धा तास ज्यांची गोळी असते, त्यांनी घड्याळ बघून ठेवा.