काळी एकची बासरी

गुरुकुंज मोझरीच्या तुकडोजी महाराजांमुळें (१९०९–१९६८) खंजिरी हें वऱ्हाडच्या भजनाचें ओळखीचें वाद्य झालें. खंजिरीचें एक सुख असें कीं, गाणाऱ्याचा षड्ज कोठलाही असो, ती कुरकुर करीत नाहीं. बासरीचा षड्ज मात्र वेळूंत छिद्रें पाडतांनाच ठरून जातो. अमरावती-अकोल्याकडील एखाद्या भजनी मंडळास बासरी घेण्याची हौस आली, म्हणजे अडचण येथूनच सुरू होते. पुरुष पुष्कळदां पेटीची काळी एक धरून गातात. बायकांच्या मंडळास काळी चार किंवा काळी पांच सोयीची पडते. दुकानांत सहज हातीं येते ती पांढरी तीन नाहीं तर पांढरी पांच. मग गायकानें तीन पट्ट्या वर चढून गळा ताणावा, किंवा बासरीवाल्यानें वर्गणीच्या पैशांचें तें वाद्य मांडीवर ठेवून स्वस्थ बसावें! माझें मत स्पष्ट आहे: गळ्यानें बासरीसाठीं ओढाताण करूं नये, गळ्याच्या पट्टीची बासरी शोधावी.

शोधतांना पहिला घोटाळा नांवाचा होतो. आपल्याकडे वरचीं तीन छिद्रें मिटलीं असतां जो स्वर निघतो तो षड्ज, व त्याच्यावरून बासरीची पट्टी सांगतात. कांहीं विक्रेते, विशेषतः पाश्चात्त्य वळणाचे, सहाही छिद्रें मिटल्यावर जो स्वर येतो त्याचें नांव देतात. तो आपला मंद्र पंचम होय. म्हणून कागदावरील नांवास भुलूं नये. तीन बोटें ठेवून फुंकावें व आपल्याच पेटीशीं ताडून पाहावें. जुन्या पेट्या प्रमाणस्वरापासून किंचित् उतरलेल्या वा चढलेल्या असतात, म्हणून पेटीच बरोबर न्यावी. तें अवघड असेल तर तिचा स्वर हल्लींच्या खिशांतल्या दूरध्वनीवर मोजून न्यावा.

काळी एकची बासरी दोन मापांची होऊं शकते. मोठी सुमारें ३४–३५ इंचांची, गंभीर. लहान तिच्या साधारण निम्मी, तार सप्तकांतली, चार भजनांनंतर कानाला टोंचणारी. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनीं ३२ इंचांच्या आसपासची बासरी मैफलींत आणून तिला मान मिळवून दिला. परंतु त्यामागें हाताची तयारी होती. मोठ्या बासरीवर अनामिका शेवटच्या छिद्रापर्यंत पोंचते कीं नाहीं, हें दुकानांतच पाहावें. न पोंचेल त्यानें काळी तीनची बासरी घ्यावी व सहाही छिद्रें मिटून येणारा स्वर षड्ज मानावा. तो नेमका काळी एक असतो आणि तेथून सातही शुद्ध स्वर छिद्रें अर्धी न दाबतां मिळतात. उणीव एवढीच कीं, षड्जाच्या खालीं जातां येत नाहीं. साध्या चालींच्या भजनांना तेवढें पुरतें.

आतां आपल्या उन्हाळ्याविषयीं. हवा तापली कीं बासरीचा स्वर चढतो. पेटीच्या धातूच्या जिभा जवळजवळ जागच्या जागींच राहतात. दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराचे १०० भाग केले, तर एका अंश सेल्सिअसला सुमारें ३ भाग चढ होतो. फुंकरीला स्वतःची ऊब असल्यामुळें प्रत्यक्षांतला फरक याहून कमी. तरीही कार्तिकांतल्या काकड आरतीला जुळलेली बासरी वैशाखांतल्या सप्ताहाला अकोल्यास बेसूर वाटावी, एवढा तो खास असतो. त्यासाठीं मागणी नोंदवितांनाच वाद्य कोणत्या ऋतूंत अधिक वाजणार तें कारागिरास सांगावें. शंका असल्यास किंचित् उतरलेली घ्यावी: छिद्र जरा कोरून स्वर चढवितां येतो, चढलेला उतरविणें कठीण. थंडींत वाजविण्यापूर्वीं नळींत ऊन श्वास सोडून ती तापवावी.

वेळू आपल्या मेळघाटांतलाच कां नको, असें कोणी विचारील. तेथील मानवेल काठीला, छपराला उत्तम. पण तो जाड भिंतीचा, कित्येकदां भरीवच. बासरीला पातळ भिंतीची, लांब पेऱ्यांची नळी लागते. उत्तर प्रदेशांतील पिलिभीत हें बासऱ्यांचें प्रसिद्ध गांव, परंतु तेथेंही वेळू आसामकडून येतो. त्या ओलसर मुलखांतली नळी वऱ्हाडच्या कोरड्या झळांत तडकते. म्हणून ती मोटारींत किंवा पत्र्याखालीं ठेवूं नये, दोऱ्याचे वेढे असलेली पसंत करावी, आणि उन्हाळ्यांत अधूनमधून आंतून मोहरीच्या तेलाचा हलका हात फिरवावा.