विलीन झालेल्या बँका, शिल्लक राहिलेले संचालक

(अंबड, नाशिक येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आयोजकांनी मला दोन विषय जोडून दिले आहेत: मोठ्या बँकांचं विलीनीकरण आणि राज्याच्या राजकारणातला भ्रष्टाचार. मी आयुष्यभर एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली. तिचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. त्यामुळे पहिल्या विषयावर मी अधिकाराने बोलेन आणि दुसऱ्यावर तुमच्यासारखाच, म्हणजे जरा चिडून.

आधी हिशेब मांडू. 2017 मध्ये देशात सरकारी बँका 27 होत्या, आज 12 आहेत. 1 एप्रिल 2017 रोजी स्टेट बँकेत तिच्या पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक गेली. मराठवाड्यात ज्या स्टेट बँक ऑफ हैदराबादला लोक घरची बँक मानत, ती त्यातलीच. 1 एप्रिल 2019 रोजी देना आणि विजया बँक, बँक ऑफ बडोदात गेल्या. पुढच्या वर्षी त्याच तारखेला आणखी सहा बँका चार मोठ्या बँकांत गेल्या, तेव्हा टाळेबंदी लागून जेमतेम आठवडा झाला होता. आपली पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र मात्र या सगळ्यातून सुटली, हे आपलं नशीब म्हणा.

कोणती बँक कोणाच्या गळ्यात बांधायची, हे ठरवताना सरकारने दोघींची संगणक प्रणाली एक आहे का, हेही पाहिलं. कॅनरा आणि सिंडिकेट एका प्रणालीवर, इंडियन आणि अलाहाबाद दुसऱ्या. हे शहाणपणाचं होतं, कारण कोट्यवधी खाती एका रात्रीत हलवायची म्हणजे खेळ नव्हे. तरीही देना बँकेची खाती बडोद्याच्या प्रणालीवर पूर्ण यायला डिसेंबर 2020 उजाडला. जुने आयएफएससी कोड बंद झाले मार्च 2021 पासून आणि जुनी चेकबुकं एप्रिलपासून. कागदावर एका दिवसात झालेलं लग्न प्रत्यक्षात दोन वर्षं चाललं होतं.

या दोन वर्षांत काय होतं, ते इथल्या एका कारखान्याचं सांगतो. दोन लेथ, एक पॉवर प्रेस, सहा कामगार. मोठ्या कंपनीचं जॉब वर्क. त्यांची बँक विलीन झाली, खात्याचा नंबर आणि आयएफएससी बदलला. बँकेच्या लेखी काम संपलं. पण कंपनीच्या व्हेंडर मास्टरमध्ये जुनाच नंबर. तो बदलायला रद्द केलेला चेक हवा, बँकेच्या शिक्क्याचं पत्र हवं, मग अकाउंट्सची मंजुरी हवी. नवं चेकबुक तर आलेलंच नाही! पेमेंट परत गेलं आणि शनिवारचा पगार मालकाने घरातले दागिने गहाण टाकून केला. त्यानंतर सीसी (कॅश क्रेडिट) लिमिटचं नूतनीकरण आलं. आधी शाखेत ओळखीचे साहेब होते. दिवाळीआधी स्टॉक का वाढतो आणि मार्चमध्ये येणं का थकतं, हे ते जाणून होते. आता प्रस्ताव दूरच्या शहरातल्या प्रोसेसिंग सेंटरला जाऊ लागला. तिथल्या तरुण अधिकाऱ्याला स्टॉक स्टेटमेंटमधला आकडा दिसतो, माणूस दिसत नाही. मी त्या अधिकाऱ्याला दोष देत नाही. त्याच्यापुढे तेव्हा दोन बँकांच्या फायली एकदम पडलेल्या होत्या आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत आपण कुठे घसरलो, ही धास्ती वेगळीच होती.

मोठ्या विलीनीकरणातलं खरं आव्हान हे आहे. साहेबांच्या डोक्यातलं कर्जदाराचं ज्ञान कोणत्याही प्रणालीत नोंदलेलं नसतं आणि बदलीचा आदेश निघाला की ते त्यांच्याबरोबर निघून जातं.

आणि खर्च कोणावर पडतो? स्टेट बँकेचं विलीनीकरण ज्या महिन्यात झालं, त्याच महिन्यात तिने किमान शिल्लक न ठेवणाऱ्यांना दंड सुरू केला. एप्रिल ते नोव्हेंबर 2017 या काळात या दंडातून 1,771 कोटी रुपये जमा झाले. त्याच वर्षी जुलै-सप्टेंबरच्या तिमाहीतला बँकेचा नफा होता 1,581 कोटी. म्हणजे तीन महिन्यांच्या नफ्याहून मोठी रक्कम ज्यांच्या खात्यात पैसे नव्हते त्यांच्याकडून आली. ओरड झाली, दंड कमी झाला, शेवटी 2020 मध्ये रद्द झाला.

देना बँकेचं पाहा. विलीनीकरणाआधी तिच्या 100 रुपये कर्जातले 22 रुपये थकीत होते. मे 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला नवी कर्जं द्यायलाच बंदी केली. ही थकीत कर्जं काही अंबडच्या लेथवाल्याची नव्हती. पण बँक विलीन झाली की तिचं नाव जातं, पाटी जाते, आणि ती कर्जं कोणी, कोणाच्या सांगण्यावरून दिली, हा प्रश्नही पाटीबरोबर गोदामात जातो. विलीनीकरणाविषयी माझी मुख्य तक्रार हीच आहे. ठेवीदार वाचतो हे खरं, आणि ते महत्त्वाचंही आहे. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर 2006 च्या सप्टेंबरात निर्बंध आले आणि महिन्याभरात ती आयडीबीआयमध्ये गेली. ठेवीदार सुटले. उलट पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेत सप्टेंबर 2019 ला कुलूप लागलं तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत 1,000 रुपये काढता येत होते. एचडीआयएल या एकाच बिल्डर समूहाला दिलेली कर्जं 21,000 हून अधिक बनावट खात्यांमागे लपवलेली निघाली. विलीनीकरण व्हायला जानेवारी 2022 उजाडला आणि मोठ्या ठेवीदारांना त्यांचेच पैसे 10 वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत मिळणार आहेत.

आता दुसऱ्या विषयाकडे येतो, तो याच रस्त्यावर आहे.

1982 मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना जावं लागलं ते सिमेंटवरून. सिमेंटचा कोटा सरकारच्या हातात होता, देणग्या त्यांच्या न्यासाकडे जात होत्या आणि उच्च न्यायालयाने दोन्हींचा सांधा जोडून दाखवला. सिमेंट आज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. मंत्रालयातून वाटली जाणारी टंचाईची वस्तू आता वेगळी आहे, आणि सहकारात तिचं नाव थकहमी. साखर कारखान्याला कर्ज हवं, बँक कचरते, मग राज्य सरकार हमी देतं. कर्ज शिखर बँकेचं, हमी तुमच्या-आमच्या कराची, आणि कारखान्याचे संचालक, बँकेचे संचालक, मंत्रिमंडळातले सदस्य ही पुष्कळदा एकाच लग्नपत्रिकेवरची नावं. कारखाना थकतो, बँक त्याचा लिलाव करते, आणि कवडीमोलाने कोणी घेतला यावर पुढे न्यायालयात वाद होतो.

7 मे 2011 रोजी रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचं, म्हणजे याच शिखर बँकेचं, संचालक मंडळ बरखास्त झालं. त्यात कोण नव्हतं? जवळपास सर्व पक्ष होते. उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2019 मध्ये गुन्हा दाखल झाला. 25,000 कोटींचा आरोप झाला. पोलिसांनी प्रकरण बंद करण्याचा अहवाल एकदा 2020 मध्ये दिला आणि मध्ये तपास पुन्हा उघडून परत 2024 मध्ये दिला. आरोप खरा की खोटा, हे ठरवणं न्यायालयाचं काम. मला एवढंच दिसतं की राज्यातलं सरकार बदललं की तपासाची दिशाही बदलते.

नागपूर जिल्हा बँकेच्या प्रकरणात मात्र निकाल लागला, हे आवर्जून सांगायला हवं. सरकारी रोखे घ्यायचे म्हणून बँकेचे 150 कोटींच्या आसपास पैसे दलाल कंपन्यांना दिले, रोखे आलेच नाहीत. गुन्हा 2002 चा. बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार यांना शिक्षा झाली डिसेंबर 2023 मध्ये, पाच वर्षांची, आणि आमदारकी गेली. त्यांनी अपील केलं आहे, तो त्यांचा हक्क आहे. मधल्या 21 वर्षांत ते निवडून येत राहिले, मंत्रीही झाले.

असं का होतं, याचं उत्तर कायद्यातच आहे. सहकार कायद्याच्या कलम 83 खाली चौकशी होते. कलम 88 खाली कोणत्या संचालकाने किती नुकसान भरायचं, हे ठरतं. मग कलम 152 खाली अपील, आणि ते अनेकदा जाऊन पोहोचतं राज्य सरकारपुढे, म्हणजे सहकारमंत्र्यांच्या दालनात. ज्याच्याकडून वसुली करायची तो आणि स्थगिती देणारा एकाच पक्षाच्या बैठकीत शेजारी बसलेले असू शकतात. मी कुठल्या एका मंत्र्याबद्दल बोलत नाही, ही रचनाच अशी आहे.

आपल्या नाशिक जिल्हा बँकेबद्दल बोललो नाही, तर तुम्ही मला चहा देणार नाही. तिची सगळीच दुखणी घरची नाहीत. नोटाबंदीत जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला चौथ्या-पाचव्या दिवशीच मनाई झाली. राज्यातल्या आठ जिल्हा बँकांच्या तिजोरीतले 112 कोटी रुपये शेवटपर्यंत बदलून मिळाले नाहीत, त्यात नाशिकचे 21 कोटी. पण मोठे थकबाकीदार आणि संचालक मंडळांच्या काळातली खरेदी, भरती यांच्या चौकशा, ही देणगी रिझर्व्ह बँकेची नव्हे. शिक्षकांचे पगार अडकले, प्रशासक आले, आणि वसुलीचा ट्रॅक्टर ओढून नेला तो लहान शेतकऱ्याच्या दारातून.

यावर उपाय म्हणून जिल्हा बँका शिखर बँकेत विलीन करा, असं सुचवलं जातं. केरळने 2019 मध्ये तसं करून केरळ बँक उभी केली. आपल्याकडे मला ते पटत नाही. ज्या शिखर बँकेचं मंडळ 2011 मध्ये बरखास्त करावं लागलं, तिच्याकडे जिल्ह्याची पोरं सांभाळायला पाठवायची? आधी कलम 152 मधून मंत्री बाहेर काढा, ते अपील न्यायाधीशापुढे जाऊ द्या, वसुलीचा आदेश विलीनीकरणानंतरही संचालकाच्या मिळकतीवर चढलेला राहील याची कायद्यात तरतूद करा. मग विलीनीकरणाचं बोलू.

अंबडच्या उद्योजकांच्या संघटनेच्या, आयमाच्या, सभासदांना आणि इथल्या पतसंस्था, नागरी बँकांच्या सभासदांना एक विनंती करून थांबतो. तुमच्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत होईल. अहवाल घरी येतो, आपण त्यातला लाभांशाचा आकडा बघतो आणि रद्दीत टाकतो. यंदा तसं करू नका. 2020 पासून बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नाही, हे लक्षात ठेवून तो अहवाल वाचा. लेखापरीक्षकाचे शेरे कोणत्या पानावर आहेत ते शोधा, संचालकांच्या नातेवाइकांची कर्जं किती ते उभं राहून विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नका.