स्टँपवरच्या सोडचिठ्ठीने घटस्फोट होत नाही



मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस. बोंडअळीचं सोडून आज सोडचिठ्ठीवर बोलतो. कापूस बुडाला तर एक हंगाम जातो. चुकीच्या कागदावर अंगठा उठला तर पोरीचा जन्म जातो.

कोरडवाहूत आपण हाल काढले, म्हणून पोरी चाकण-भोसरीच्या कंपनीतल्या पोरांना दिल्या. संसार मोडला की चार माणसं बसतात आणि स्टँपपेपरवर लिहितात, 'राजीखुशीने वेगळे होत आहोत, पोटगी मागणार नाही.'

या कागदाने घटस्फोट होत नाही. जातीची जुनी रूढी कोर्टात सिद्ध झाली, तरच अपवाद. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार दोघं राजी असले तरी वर्षभर वेगळं राहून कोर्टातच जावं लागतं. उलट, राजीखुशीने वेगळी राहते असं ठरलं तर पोटगीचा अर्ज अडतो. म्हणजे पोरगी धड सुटलीही नाही आणि तिच्या भाकरीची सोयही गेली.

पोटगीचा अर्ज पोरगी राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे करता येतो. पुण्याला खेटे नकोत. बाईला उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत विचारा. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं. पुढेही कोर्ट मुलाचं भलं पाहतं. पोर म्हणजे वाटणीतला बैल नव्हे.

बियाण्याची पिशवीसुद्धा आपण वाचून घेतो. मग पोरीचा कागद वकिलाला दाखवल्याशिवाय अंगठा उठवू नका.