कापसाच्या मुलखातला सार्जंट
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज ज्याची आठवण काढायची तो माणूस आपल्या जिल्ह्यातला नाही, देशातलाही नाही. पण तो कापसाच्या मुलखातला होता, आणि कापूस पिकवणाऱ्याचे तोंड कसे बंद करतात हे त्याने जवळून पाहिले होते. मेडगर एव्हर्स त्याचे नाव. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातला काळा माणूस.

त्या मुलखाचा आणि आपला संबंध जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळात तिकडे यादवी पेटली, तिकडची रुई इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाला एकाएकी भाव आला. लढाई संपली आणि भाव कोसळला. त्याच लढाईने तिकडची गुलामी संपवली. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती गुलामांना मोकळे करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली.

पण कायद्याने गुलामी गेली तरी कापसाच्या शेतातला काळा माणूस मोकळा झाला नाही. जमीन गोऱ्या मालकाची, काळ्याने ती बटाईने करायची. बियाणे आणि खावटी उधारीवर, हिशेबाची वही मालकाच्या हाती. वेचणी संपली की वही उघडायची आणि बहुतेक वेळा देणेच निघायचे. ही वही कशी चालते ते तुम्हाला मी समजावून सांगायला नको.

एव्हर्सचा जन्म २ जुलै १९२५ चा, डेकॅटर गावचा. १९४३ साली तो फौजेत गेला. नॉर्मंडीच्या स्वारीनंतर फ्रान्समध्ये फौजेला माल पोचवणाऱ्या तुकडीत त्याने काम केले आणि सार्जंट होऊन घरी आला. हिटलरच्या विरुद्ध लढून आलेला हा जवान १९४६ साली, बरोबर एकविसाव्या वाढदिवशी, भाऊ आणि आणखी काही माजी सैनिकांबरोबर मत द्यायला गेला. समोर हत्यारे घेतलेला गोऱ्यांचा जमाव उभा. मत न देता परत फिरावे लागले.

पुढे तो ऑल्कॉर्नच्या कॉलेजात शिकला. तिथेच मर्लीची गाठ पडली, १९५१ च्या डिसेंबरात लग्न झाले. १९५२ साली दोघे मौंड बायू या काळ्यांनी वसवलेल्या गावी राहायला गेले. तो मिसिसिपीचा ऐन कापूसपट्टा. एव्हर्स विम्याच्या पॉलिसी विकायचा. त्या निमित्ताने झोपडी-झोपडीत जायचा आणि उरल्या वेळात संघटनेचे काम करायचा. पहिली मोहीम साधी होती : ज्या पेट्रोलपंपावर काळ्या माणसाला संडास वापरू देत नाहीत तिथे पेट्रोल घ्यायचे नाही. मोटारींवर तशा चिठ्ठ्या चिकटवल्या. गिऱ्हाईकाच्या खिशातही ताकद असते हे लोकांना दिसले.

१९५४ अखेर काळ्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने त्याला मिसिसिपीतला आपला पहिला पूर्णवेळ कार्यकर्ता नेमले. जॅक्सन शहरात कचेरी उघडली, मर्लीने तिथे चिटणिसाचे काम सांभाळले. १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या पोराला गोऱ्यांनी ठार मारले आणि गळ्याला कापसाच्या जिनाचा लोखंडी पंखा काटेरी तारेने बांधून नदीत टाकले. साक्ष द्यायला कोण धजणार? एव्हर्स आणि त्याचे सोबती शेतमजुरांचे कपडे घालून कापसाच्या शेतांत हिंडले आणि साक्षीदार शोधून काढले. आरोपी सुटले, पण साक्षी झाल्या, जगाने ऐकल्या.

आता मला जे मुख्य सांगायचे आहे ते ऐका. १९५४ साली तिथल्या गोऱ्या प्रतिष्ठितांनी नागरिक मंडळे काढली. त्यांत बँकवाले, मळेवाले, दुकानदार, वकील. हातात काठी घेण्याची त्यांना गरज नव्हती, वही पुरेशी होती. याझू सिटी गावात ५३ काळ्या माणसांनी शाळेसाठी अर्जावर सह्या केल्या. मंडळाने ती नावे वर्तमानपत्रात जाहिरात देऊन छापली. कुणाची नोकरी गेली, कुणाच्या दुकानाला माल मिळेना. थोड्याच दिवसांत जवळजवळ सगळ्यांनी नावे मागे घेतली. ती माणसे भित्री नव्हती, त्यांच्या घरी पोरे होती.

अशा वेळी भाषणे करून माणूस टिकत नाही. एव्हर्स आणि सोबत्यांनी गावोगाव जाऊन कुणाचे काय गेले त्याचे जबाब लिहून घेतले. मेम्फिसच्या ट्राय-स्टेट बँकेत, जी काळ्यांची होती, देशभरच्या संस्थांकडून ठेवी ठेववल्या, म्हणजे ज्यांची कर्जे अडवली त्यांना तिथून कर्ज मिळावे. ते सर्वांना पुरले नाही. पण लढ्याची नीट मांडणी तिथे आहे : सही मागणाऱ्याने सही करणाऱ्याच्या पुढच्या हंगामाचा विचार आधी करायचा.

आणि एक कडू गोष्ट. आपण इथे स्वतःला याझू सिटीच्या त्या ५३ माणसांत मोजतो. पण गावात दलित वस्तीचे पाणी, किराणा आणि मजुरी बंद करण्याचा ठराव झाला तेव्हा आपल्यातले काही जण मंडळाच्या बाजूला बसले होते. एव्हर्सचे नाव घ्यायचे तर तिकडून उठावे लागेल.

१९६३ च्या मे महिन्यात त्याच्या घरावर पेटती बाटली टाकली गेली. गोळीचा आवाज आला की जमिनीवर पडायचे हे नवराबायकोने तिन्ही मुलांना शिकवून ठेवले होते. १२ जूनच्या मध्यरात्रीनंतर एव्हर्स बैठकीहून घरी परतला आणि अंगणातच पाठीत गोळी लागून पडला. वय ३७. मारणारा बायरन डी ला बेकविथ खते विकणारा होता. फौजेच्या इतमामाने आर्लिंग्टनला त्याला पुरले. ज्या फौजीला मत देऊ दिले नाही त्याला सलामी मात्र मिळाली.

१९६४ साली दोनदा खटला चालला. दोन्ही वेळा सगळे ज्युरी गोरे, निकालच लागला नाही. मर्लीने हार मानली नाही. मुले वाढवली, शिकली आणि खटल्याचे कागद जपून ठेवले. तीस वर्षांनी, ५ फेब्रुवारी १९९४ ला, बेकविथला जन्मठेप झाली. १९९५ साली ती त्याच राष्ट्रीय संघटनेची अध्यक्ष झाली. कागद जपणे हेही लढणेच आहे, मायबहिणींनो.

तेव्हा तालुक्याच्या कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे. निवेदनाचा कागद घेऊन गावात जाल तेव्हा सोबत कोरी वही न्या. सही करणाऱ्याची सोसायटी थकली आहे का, शेत गहाण आहे का, कोणाच्या बटाईने करतो, हे विचारून लिहा. अडवणूक झाली तर त्याच्या दारी कोण जाणार ते नाव पुढे लिहा. ते नाव लिहिता येत नसेल तर सही मागू नका.