चार मुनवे

रायपूरच्या चौबे कॉलोनीतून बोलतोय.

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला बिहारमध्ये, कटिहारला गेलो होतो. निघताना त्याच्या बागेतले केळीचे चार मुनवे पोत्यात बांधून घेतले, रावेरच्या भाच्यासाठी. फोनवर त्याला सांगितलं, तर तो गप्पच झाला. मग म्हणाला, "मामा, पाया पडतो, ते माझ्या शिवारात आणू नका." मला राग आला. पोतं तिथेच सोडलं आणि घरी येऊन वाचायला बसलो.

भाचा बरोबर होता. कटिहार भागात केळीच्या मर रोगाचा टीआर-4 हा प्रकार आढळला आहे. फ्युझेरियम नावाची ही बुरशी मातीतून मुळात शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबवते. पानं पिवळी पडतात, झाड वाळतं. पण रोगट झाडाचा मुनवा सुरुवातीला हिरवागार दिसतो. बुरशीचे बीजाणू मातीत वीस-तीस वर्षं टिकतात. औषधाने ती जमीन साफ होत नाही.

पूर्वी जगाच्या बाजारात ग्रो मिशेल हे केळं होतं. याच रोगाच्या जुन्या प्रकाराने 1950-60 च्या दशकांत त्याच्या बागा बसवल्या. त्याच्या जागी कॅव्हेंडिश आलं. जळगावचं ग्रँड नैन त्याच घराण्यातलं. बिया नाहीत, मुनव्यातून किंवा टिश्यूकल्चरमधून वाढ, म्हणून सगळ्या झाडांची जनुकं जवळपास एकच. एक पडलं की सगळी पडणार.

आता जनुकांचं. झाडात काही जनुकं पहारेकऱ्यासारखी असतात. शत्रू ओळखून बचाव सुरू करतात. आरजीए-2 हे तसंच एक. कॅव्हेंडिशमध्येही ते आहे, पण पेंगलेलं. ऑस्ट्रेलियात प्राध्यापक जेम्स डेल यांच्या गटाने रानकेळीतलं जागं जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातलं. 2024 मध्ये त्या वाणाला तिथे मंजुरी मिळाली. म्हणजे ज्या रानकेळीला आपण बियांमुळे खात नाही, तिच्याकडेच उत्तर होतं. ती जपायला हवी.

पण असं रोप खानदेशात कधी येईल, यावर बाग सोडता येत नाही. तोवर खात्रीची टिश्यूकल्चर रोपं घ्या. दुसऱ्याच्या बागेतून आलात तर बूट आणि अवजारं धुवा. प्रेमाने कुणी मुनवा दिला, तरी नको म्हणा.

भाच्याची मी माफी मागितली. आता त्याच्या बांधावर बूट धुतल्याशिवाय पाऊल टाकत नाही.

जय हिंद.