टीव्हीवरचं चित्र का अडखळतं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ सभासदांसाठी सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या वर्षीच्या कार्यक्रमात योगासनांवर भाषण झालं, मृत्युपत्रावर झालं. माझ्या वाट्याला टीव्ही आला. विषय हलका वाटेल, पण आपल्यापैकी किती घरांत आज फक्त दोघंच, किंवा एकटंच माणूस राहतं, ते आठवा. त्या घरातला टीव्ही करमणुकीपुरता राहिलेला नाही. नातवाची मुंज, भाचीचं लग्न, गावच्या देवीचा उत्सव, सगळं त्याच पडद्यावर बघायचं असतं. ऐन मुहूर्ताला चित्र थांबून मधे ते चाक गोल गोल फिरायला लागलं की जीव कासावीस होतो. मुलांना फोन करावा तर ती ऑफिसात. दोनदा विचारलं की तिसऱ्यांदा विचारायचा संकोच वाटतो. म्हणून ही तपासणी आपली आपल्याला करता यावी, एवढाच आजचा हेतू.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढे घराघरांत टीव्ही आले तेव्हाचे दिवस आठवतात ना? एकाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायची, दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" तेव्हा दोष कुठे आहे ते कळायचं, कारण अँटेना डोळ्यांना दिसत होती. आता तार दिसत नाही, म्हणून आपण घाबरतो. पण वाट आजही आहे, आणि ती टप्प्याटप्प्याने तपासता येते. बँकेत दिवसाचा ताळा जुळला नाही तर सगळी खाती नव्याने कोणी लिहीत नाही. कुठपर्यंत बरोबर आहे ते बघत जायचं, की फरक कुठे पडला ते आपोआप सापडतं. इथेही तेच.

वाट अशी आहे. कंपनीच्या संगणकावरून सिनेमा निघतो. तो फायबरच्या तारेने आपल्या इमारतीत, डक्टमधून आपल्या घरात, दाराजवळच्या छोट्या डब्यात येतो. तिथून राऊटर तो वाय-फायने हवेत सोडतो. टीव्ही, किंवा टीव्हीच्या मागे खोचलेली स्टिक, तो पकडते आणि पडद्यावर दाखवते.

आता चित्र धूसर होणं आणि चित्र थांबणं यांतला फरक समजून घेऊ. एकच सिनेमा कंपनीकडे कमी-जास्त स्पष्टतेच्या अनेक प्रतींत ठेवलेला असतो, आणि प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात. आपला टीव्ही वेग बघून पुढचा तुकडा कोणत्या प्रतीतला मागवायचा ते ठरवतो. वेग कमी झाला तर धूसर प्रत मागवतो, वाढला की स्पष्ट. म्हणून सुरुवातीचे काही क्षण चित्र धूसर असतं आणि मग उजळतं. तो बिघाड नाही. शिवाय टीव्ही पुढचे थोडे तुकडे आगाऊ भरून ठेवतो. आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखंच ते. खालून पाणी कमी चढलं आणि वरून वापर चालू राहिला की टाकी रिकामी होते. सगळ्यात धूसर प्रतसुद्धा वेळेत पोचली नाही की चित्र थांबतं आणि चाक फिरतं. थोडक्यात, धूसर म्हणजे टीव्ही कमी पाण्यात भागवतोय, आणि थांबलं म्हणजे टाकी संपली.

क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणात हा आगाऊ साठा फार करता येत नाही, कारण पुढचा चेंडू अजून पडायचाच असतो. म्हणून सामना जास्त अडखळतो. आणि शेजारी "आउट!" म्हणून ओरडतात तेव्हा आपला बोलर अजून धावतच असतो, हेही स्वाभाविक आहे. त्यांच्याकडे डिश किंवा केबल असेल. इंटरनेटवरचं चित्र त्यामागून येतं. त्यासाठी मेकॅनिक बोलवू नका.

पुढचा प्रश्न, वेग लागतो किती? बिलावर "१०० एमबीपीएस" असं लिहिलेलं असतं. ते मेगाबिट असतात, मेगाबाइट नाहीत. आठ बिटांचा एक बाइट. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की ७२० ओळींच्या साध्या एचडी चित्राला ३, फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात. म्हणजे दोन माणसांच्या घरात एक टीव्ही आणि दोन फोन असतील तर ४० चा प्लॅन रग्गड झाला. ज्यांच्याकडे आधीच १०० चा प्लॅन आहे आणि तरी चित्र अडतंय, त्यांनी ३०० चा घेऊन उपयोग नाही. नळ बारीक असताना टाकी मोठी करण्यासारखं ते आहे.

ज्यांचा टीव्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो त्यांच्यासाठी एक हिशेब. सेकंदाला ५ मेगाबिट म्हणजे तासाला १८,००० मेगाबिट. आठाने भागले की २,२५० मेगाबाइट, म्हणजे सव्वादोन जीबी. रोजचा दीड जीबीचा पॅक फुल एचडीत ४० मिनिटांत संपतो. त्यानंतर कंपनी वेग उतरवते आणि आपण टीव्हीला दोष देतो.

आता प्रत्यक्ष तपासणी. एक वही घ्या. प्रथम दाराजवळच्या डब्यावरचे दिवे बघा. "एलओएस" नावाचा लाल दिवा लागला किंवा लुकलुकत असेल, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. घरात काहीही करून उपयोग नाही, सरळ कंपनीत तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. दिवे ठीक असतील तर पुढे चला.

मोबाइलचा डेटा बंद करा आणि फोन फक्त वाय-फायवर ठेवा. हे विसरलात तर फोन भलताच वेग दाखवील. राऊटरशेजारी उभे राहून नेटफ्लिक्सचीच फास्ट डॉट कॉम ही साइट उघडा. येईल तो आकडा लिहा. मग टीव्हीसमोर जाऊन पुन्हा तेच. हे सकाळी एकदा आणि रात्री नऊला एकदा करा. चार आकडे मिळतील, आणि त्या चार आकड्यांत बहुतेक निदान होतं. राऊटरजवळच आकडा कमी असेल तर दोष तारेत किंवा कंपनीकडे. फक्त रात्री कमी होत असेल तर गर्दी. आणि राऊटरजवळ चांगला, टीव्हीजवळ वाईट असेल, तर दोष आपल्याच घरातल्या वाय-फायचा.

आपल्या इमारतीतलंच एक उदाहरण सांगतो, त्यांची परवानगी घेऊन आणि नाव न घेता. या भगिनी एकट्या राहतात. मुलगी परदेशात. टीव्हीवर सगळं धूसर दिसायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्यांना वाटलं नजरच पुन्हा गेली. कोणाला सांगितलं नाही, मनातल्या मनात घाबरल्या. इंटरनेटवाल्याच्या माणसाने मोठा प्लॅन घ्यायला सांगितलं, दुकानदाराने नवा टीव्ही. आम्ही वही घेऊन बसलो. राऊटरजवळ ९२, टीव्हीजवळ ३. राऊटर होता दाराशी चपलांच्या लोखंडी कपाटात. लॅनची लांब वायर घेऊन तो पॅसेजमध्ये उंचावर, मोकळ्यावर ठेवला आणि टीव्ही दुसऱ्या वाय-फायला जोडला. टीव्हीजवळ ४८ आले. खर्च फक्त वायरचा. चित्र उजळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे डोळे ठीक आहेत माझे!" त्यांच्या मनावरचं ओझं इतके दिवस आम्हा शेजाऱ्यांना कळलं नव्हतं.

"दुसऱ्या वाय-फायला" म्हणजे काय? बहुतेक राऊटर दोन लहरी सोडतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ ची लहर भिंतींतून लांब जाते, पण तिच्यावर गर्दी फार. सगळ्यांचे जुने फोन आणि ब्लूटूथ तिथेच. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे दूध गरम करताना चित्र अडलं तर नवल नको. ५ ची लहर वेगवान आणि मोकळी, पण आरसीसीच्या भिंतीपुढे लवकर दमते. राऊटर आणि टीव्ही एकाच खोलीत किंवा एका भिंतीच्या अंतरावर असतील तर टीव्ही ५ वर जोडा. राऊटर कपाटात, फ्रिजमागे, मोठ्या आरशामागे किंवा माशांच्या टाकीशेजारी ठेवू नका. धातू आणि पाणी लहरी अडवतात. हौसेने राऊटरवर क्रोशाचा रुमाल घालणारेही आहेत. रुमाल लहर अडवत नाही, पण राऊटर तापतो. त्याला उघडाच राहू द्या. जागा बदलताना फायबरची बारीक तार मात्र मुडपू नका, ती आतल्या आत तुटते. शक्य असेल तर टीव्हीला थेट लॅनची वायर जोडा, त्यापेक्षा खात्रीचं काही नाही.

स्टिक वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटून असते, आणि टीव्हीचं धातूचं अंग लहर अडवतं. खोक्यात आखूड एचडीएमआय जोडवायर आलेली असेल तर ती वापरा, म्हणजे स्टिक जरा बाहेर लोंबेल. दुसरं, तिला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका, सोबत आलेला अ‍ॅडॉप्टर वापरा. साध्या यूएसबीतून अर्धा अँपिअर मिळतो. तो अपुरा पडला की स्टिक मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होते.

वेग चांगला असूनही चित्र धूसर असेल तर? आधी ॲपच्या सेटिंगमध्ये "डेटा सेव्हर" चालू आहे का बघा. घेतलेल्या प्लॅनची मर्यादा बघा, स्वस्त प्लॅनमध्ये फोर-के मिळत नाही. बिननावाचा स्वस्त अँड्रॉइड बॉक्स असेल तर त्यात गूगलच्या वाइडवाइन या कुलूपपद्धतीचं वरचं प्रमाणपत्र, एल-१, बहुधा नसतं. मग नेटफ्लिक्ससारखी ॲप त्याला एचडी देतच नाहीत, इंटरनेट कितीही मोठं असो. आणि शेवटचं, मूळ चित्रणच जुनं असेल तर कोणाचाच इलाज नाही. दूरदर्शनच्या जुन्या पद्धतीत पडद्यावर ५७६ ओळी दिसायच्या, फोर-के टीव्हीला २,१६० असतात. आपल्या आवडीच्या जुन्या नाटकाचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर धूसर दिसलं तर दातेरी चाकाच्या खुणेवर "क्वालिटी" बघा. तिथे ४८० हाच सगळ्यात मोठा आकडा असेल तर तसंच आनंदाने बघा.

कोणतीही दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. पहिला बदल अगदी साधा. राऊटर भिंतीवरच्या बटणापासून अर्धा मिनिट बंद, मग चालू, दोन-तीन मिनिटं थांबा, मग टीव्हीचं तसंच करा. पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात.

आता माझ्या जुन्या पेशाला धरून एक कळकळीची विनंती. चित्र बंद पडलं म्हणून इंटरनेटवर "कस्टमर केअर नंबर" शोधू नका. तिथे भामट्यांनी स्वतःचे नंबर पेरून ठेवलेले असतात. नंबर घ्यायचा तो आपल्या बिलावरून किंवा कंपनीच्या ॲपमधून. टीव्ही दुरुस्त करायला कोणालाही तुमचा ओटीपी लागत नाही, कार्डाचा नंबर लागत नाही, आणि फोनचा पडदा त्याला दाखवणारं ॲप तर मुळीच नाही. "पाच रुपये भरून पडताळणी करा" असं कोणी म्हटलं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. सिनेमा उद्याही बघता येईल, आयुष्याची पुंजी पुन्हा साठवता येत नाही.

शेवटी सोसायटीविषयी. २.४ च्या लहरीवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आणि इथे प्रत्येक फ्लॅटमध्ये एक राऊटर. म्हणजे हवासुद्धा आपली सामाईक आहे, जिन्यासारखी आणि पार्किंगसारखी. एकाने कोपऱ्यातल्या खोलीसाठी मोठमोठे राऊटर लावले की शेजारच्याचं चित्र अडतं, मग शेजारीही तसाच लावतो, आणि दोघांचंही अडतं. त्यापेक्षा शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी बसून चॅनेल वाटून घ्यावेत. कमिटीला माझ्या दोन सूचना आहेत. डक्टमधल्या प्रत्येक तारेला फ्लॅट क्रमांकाची चिठ्ठी लावावी, म्हणजे रंगकाम आणि साफसफाईच्या वेळी भलत्याची तार तुटणार नाही. आणि आपल्या तरुण मंडळींनी महिन्यातला एक रविवार, एक तास, एकेकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी वही घेऊन बसावं. टीव्ही नीट होईलच, पण त्या निमित्ताने दाराची बेल वाजेल. पंचवीस वर्षांपूर्वी आपण सामाईक टाकीसाठी आणि सामाईक जिन्यासाठी एकत्र आलो होतो. या कामासाठीही येऊ.

ज्यांना आकडे घ्यायचे आहेत त्यांनी चहानंतर मला भेटा. वही आणि पेन्सिल मी आणली आहे.