छायाचित्र-दुरुस्तीचे साधन कसे निवडावे?

भिगवणच्या सहलीतील रोहित पक्षी असोत वा बारामतीतील स्नेहसंमेलन, शाळेचा चित्रसंग्रह वाढतच जातो. २०१३ साली फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर मिळू लागल्या. तेव्हापासून विनामूल्य गिम्पकडे अनेकांची दृष्टी वळली.

परंतु साधनासाठी रुळलेली कार्यपद्धती मोडू नये. निवड, कातरणी, उजेडाची दुरुस्ती, नामकरण, जतन हा शाळेचा क्रम प्रथम लिहून काढावा. मग दहा जुन्या चित्रांवर तोच क्रम नव्या साधनाने करून पाहावा. गिम्प फोटोशॉपच्या पीएसडी फाईली उघडते. तथापि काही थर वा अक्षरे बदलू शकतात. म्हणून मूळ प्रत निराळी जपावी.

रोहित पुढल्या हिवाळ्यात पुन्हा येतील. चौथीचा तो वर्ग पुन्हा भरणार नाही.